टेकडी उतरताना बोलायचं

मधू गेल्याची बातमी मला धारला त्याच्या घरून नव्हे, त्याच्या कारखान्याकडून कळली. मोबाइलवर एक चित्र आले. मधूचा ओळखपत्रावरचा फोटो, भोवती छापील झेंडूची माळ आणि वर कारखान्याचे बोधचिन्ह, मधूच्या चेहऱ्याहून मोठे. त्याची पत्नी शालिनी हिचा फोन त्यानंतर आला. ती बिचारी तोवर दवाखान्यातून घरीही परतली नव्हती. ज्या व्यवस्थापनाला कामगाराच्या साध्या अर्जाचे उत्तर द्यायला महिने लागतात, त्याला शोक इतक्या तातडीने कसा काय झाला, हा प्रश्न माझ्या मनात आधी उभा राहिला आणि रडू मागाहून आले... उभी हयात श्रम न्यायालयात कामगारांची वकिली करण्यात गेली, त्याचा हा परिणाम असावा.

मधुकर माझा आतेभाऊ. आमची दोन्ही घराणी दरबारांच्या चाकरीसाठी माळव्यात आलेली. आमचे धारला राहिले, त्यांचे देवासला. मी कायद्याकडे वळलो आणि मधू ट्रॅक्टरचे गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात साधा मदतनीस म्हणून लागला. पुढे पाळीप्रमुख झाला, आणि निवृत्तीनंतर नव्या प्रशिक्षणार्थींना हाताखाली घेऊन तयार करण्याचे काम त्याच्याकडे आले. आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडलेली, पीपलरावांसारख्या गावांतून सकाळची बस धरून येणारी ही मुले-मुली. त्यांच्या हातून चुका होणारच. एरवी चूक झाली की सुपरवायझर सगळ्या वर्कशॉपसमोर त्या पोराचा उद्धार करीत. हल्ली तर चुकणाऱ्याचा फोटो ग्रुपवर टाकण्याची रानटी पद्धत निघाली आहे आणि तिला ही मंडळी शिस्त म्हणतात! मधू यातले काही करीत नसे. तो फक्त जवळ जाऊन, भैयाचे माळवी 'भिया' करीत, विचारी, "भिया, छुट्टी के दिन टेकरी चलोगे?"

देवासात देवीच्या टेकडीवर कोणी जात असेल तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही, त्यामुळे कोण कशासाठी चालले आहे हे बाकीच्यांना कळत नसे. प्रशिक्षणार्थी मुलगी असेल तर शालिनीही जाई, पण चार पावले मागे राहून. चढताना गप्पा व्हायच्या त्या घरच्या, सोयाबीनच्या, बहिणीच्या लग्नाच्या. वर दर्शन, प्रसाद. चुकीचा विषय मधू काढायचा तो पायऱ्या उतरायला लागल्यावर.

हे प्रथम ऐकले तेव्हाच मला त्यात काळेबेरे दिसले. देवळात नेऊन शपथ घालायची आणि कबुली पदरात पाडून घ्यायची, हा डाव मी अनेक प्रकरणांत पाहिला होता. मी मधूला खुलासा मागणारे पत्र पाठवले, तेही रजिस्टर्ड पोस्टाने, घरच्या माणसाला! उत्तर आले नाही तेव्हा देवासला जाऊन त्याला समोर बसवले.

"देवीपुढे शपथ घालतोस त्यांना?"

"नाना, शपथ घातली की पोरगं खरं बोलत नाही, देवीला आवडेल ते बोलतं."

"मग विषय उतरतानाच का काढतोस?"

"चढताना त्याला दम लागलेला असतो. मी बोलत सुटणार आणि तो नुसता धापा टाकणार. उतरताना त्याला उत्तर देता येतं."

दुसऱ्या बाजूचे ऐकून घेतल्याखेरीज निर्णय देऊ नये, हे तत्त्व पटवताना मी न्यायाधीशांसमोर घसा कोरडा केला होता. मधूने ते पायऱ्यांवर आणून ठेवले होते. तरीही माझा संशय फिटला नाही, हे नमूद केले पाहिजे. जी सुनावणी कागदावर नाही ती मर्जीवर चालते, आणि मर्जी कधी फिरेल याचा नेम नसतो.

हा वाद शिगेला पोहोचला तो भारतीच्या प्रकरणावरून. भारती ही पीपलरावां गावची मुलगी, गिअर तपासण्याच्या टेबलावर प्रशिक्षणार्थी. तिच्या हातून तडा गेलेले गिअर चांगल्या मालात गेले आणि तो सगळा माल गिऱ्हाइकाने परत पाठवला. सुपरवायझर तिला काढून टाकायला निघाला होता. मधू तिला टेकडीवर घेऊन गेला. उतरताना ती म्हणाली, टेबलावरची बत्ती मंद झाली होती, तडे दिसतच नव्हते. सांगितले का नाही? तर तिच्या आधीच्या मुलाने बसायला स्टूल मागितले होते, त्या दिवसापासून सुपरवायझर त्याला सगळ्यांदेखत "आइये कलेक्टर साब" म्हणत असे. मधूने दुसऱ्याच दिवशी बत्ती बदलून घेतली. पण भारतीला मोकळे सोडले नाही. "दिसत नव्हतं ही तुझी चूक नाही. दिसत नसताना 'ठीक है' म्हणालीस, ही तुझी," असे तिला बजावले आणि परत आलेला सगळा माल तिच्याकडूनच पुन्हा तपासून घेतला, स्वतः तिच्या शेजारी बसून.

मधूची माझी शेवटची भेट याच विषयावर झाली. मी म्हटले, तिचा खुलासा लेखी घे.

"घाबरलेलं पोर काय लिहील, नाना? 'गलती हो गई, माफ कर दो.' आणि तोच कागद उद्या तुमच्या कोर्टात कबुलीजबाब म्हणून पुढे येईल."

"आणि उद्या तू नसलास, तर बत्तीचं कोण सांगणार?"

"मला इतक्यात मारू नका हो. चहा घ्या, निवतोय," तो हसत म्हणाला.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत त्याचे हृदय थांबले.

कारखान्यात शोकसभा झाली. मॅनेजर, तरुण, गोड बोलणारा, म्हणाला, "मधुकर सर ने कभी किसी को ऊँची आवाज़ में नहीं डाँटा।" टाळ्या झाल्या... शोकसभेत टाळ्या! त्याच आठवड्यात भारतीचे प्रशिक्षण संपत होते. नोकरी पक्की करण्याआधी तिच्यापुढे टाइप केलेला माफीनामा ठेवण्यात आला: माल माझ्या निष्काळजीपणामुळे परत आला, पुढे तक्रार आल्यास कंपनी देईल तो निर्णय मान्य राहील. बत्तीचा उल्लेख नाही. "साइन कर दो, फॉर्मेलिटी है," असे तिला सांगितले. तिच्या बाजूचे ऐकलेला एकमेव अधिकारी गेला, हे ओळखूनच तो कागद पुढे आला, अशी माझी धारणा आहे आणि ती बदलण्यासारखे अद्याप काही घडलेले नाही. नव्या पोरांना असे वागवायचे, तर मेलेल्या माणसाचे गोडवे कशाला गायचे?

मधूच्या तेराव्याला भारती घरी आली आणि तिने हे शालिनीला सांगितले. ती रडत नव्हती. हिशेबी आवाजात बोलत होती. तपासणीच्या टेबलावर आजवर एकही मुलगी पक्की झाली नव्हती, आणि गावातल्या दोन मैत्रिणींचे आईवडील हिचे काय होते ते पाहत थांबले होते. मी तिथेच बसलो होतो. म्हटले, सही करू नकोस. मग मी व्यवस्थापनाला लिहिले: आरोप लेखी द्या, उत्तराला वेळ द्या, तिच्या पसंतीचा माणूस बरोबर बसू द्या.

आम्हाला बोलावणे आले. खोलीत मॅनेजर आणि सुपरवायझर बसले होते, समोर गार सरबत ठेवलेले होते. मी त्याला हात लावला नाही.

"दादाजी, हम सब तो एक परिवार हैं," मॅनेजर म्हणाला.

"परिवार में माफीनामा टाइप करके नहीं लाते," मी म्हटले आणि सुरुवात केली. नैसर्गिक न्याय, दबावाखालची सही, जुने निवाडे, सगळे क्रमाने मांडले. मॅनेजर हसतमुखाने ऐकत होता. माझे संपल्यावर तो सुपरवायझरकडे वळला, "देखा? लड़की के पास कहने को कुछ है ही नहीं। जो है, वकील साब का है।" माझे रक्त उसळले. मी उठून उभा राहणार, तोच भारतीने माझी बाही धरली.

"दादाजी, आप थोड़ा बाहर बैठो।"

मी बाहेर बसलो. काचेतून आवाज येत नव्हता, फक्त तिचे हात दिसत होते. बत्ती कुठे होती ते एका हाताने दाखवत होती. मग तिने खोलीच्या दुसऱ्या बाजूच्या काचेतून दिसणाऱ्या शॉपकडे बोट केले आणि सुपरवायझरने मान खाली घातली. नंतर कळले ते असे. चूक आपली होती हे तिने आधी सांगितले, मग बत्तीचे, आणि मग हे की मधुकर सर आपल्या शेजारी बसून माल तपासत होते ते अख्ख्या शॉपने पाहिले आहे, कोणालाही बोलावून विचारा. कोणाला बोलावण्याची मात्र मॅनेजरची तयारी नव्हती. त्याने माफीनामा परत घेतला आणि सोमवारी लेखी कळवतो म्हणाला. हे लिहितो आहे तेव्हा तो सोमवार यायचा आहे. त्या गोड जिभेवर माझा तिळमात्र विश्वास नाही.

संध्याकाळी शालिनी मला आणि भारतीला म्हणाली, टेकडीवर जाऊन येऊ. वर जायला मी रोपवे घेतला. उतरताना मात्र तिघेही पायऱ्यांनी निघालो. शालिनी नेहमीच्या सवयीने मागे राहिली, प्रसादाचे फुटाणे खात.

"दादाजी, एक बात बोलूँ?"

"बोल."

"आप मेरे लिए बोल रहे थे, तो वो लोग आपको सुन रहे थे। मेरे को नहीं। और नौकरी तो मेरी जा रही थी।" ती एक पायरी खाली उतरून थांबली, माझ्याकडे तोंड करून. "अब आप बोलो।"

वाऱ्यावर खालच्या घंटेचा आवाज येत होता. मला दम लागलेला नव्हता. ती घाई न करता थांबून राहिली. मधू असाच थांबत असणार. मागे शालिनीचे फुटाणे खाणेही थांबले होते.

शेवटी मी एवढेच म्हणालो, "सोमवारी कागद आला की मला लगेच पाठव. एकेक शब्द तपासावा लागेल. ही माणसं..."

"आएगा तो पहले मैं पढ़ूँगी। समझ में नहीं आया तो आपसे पूछूँगी।"

मी बरे म्हणालो आणि कठड्याला धरून तिच्या पायरीवर उतरलो.