अविश्वासी माणसाच्या घरचा चहा

बायबल वाचताना काका मध्येच थांबायचे. पानात बोट घालून पुस्तक मिटायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "ते लोक मेले हो. आता आपलं बोला."

मुलुंडला आमची लहानशी मराठी ख्रिस्ती मंडळी एका शाळेच्या वर्गात रविवारची उपासना करायची. काका भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. पाळकसाहेब नसले की उपासनेतला संदेश तेच द्यायचे. इस्राएल लोक मिसरातून सुटले, समुद्र दुभंगलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला, तरी अरण्यात कुरकुरले आणि वचनदत्त देशाच्या वेशीवरून मागे फिरले, ही त्यांची ठरलेली गोष्ट. काय हट्टी लोक, म्हणून आम्ही माना हलवायचो. मग प्रश्न यायचा, "या आठवड्यात देवाने काही सांगितलं आणि आपण 'बघू' म्हणालो, असं कोणाचं झालं?" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांच्यापासून जरा लांबच्या बाकावर बसतो.

गिरण्यांचा संप चालू होता त्या वर्षी माझी बायको सुमन काविळीने गेली. मंडळीने उपास केले होते. मीही प्रार्थनेत काही बाकी ठेवलं नव्हतं. ती गेल्यावर मी उपासनेला जाणं सोडलं.

तिसऱ्या आठवड्यात, पहिली पाळी संपवून ते दारात उभे. मी आधीच सांगून टाकलं, "काका, माझा आता देवावर विश्वास नाही."

"बरं," ते चपला काढत म्हणाले. "चहा तर कराल?"

घोटभर पिऊन म्हणाले, "साखर फार झाली."

दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशीही आले. शास्त्राचं नावसुद्धा काढलं नाही. कधी तुंबलेला स्टोव्ह साफ करून द्यायचे, कधी नुसते खिडकीशी बसायचे. सुमनबद्दल मात्र विचारायचे. तिला कुठली भाजी आवडायची, रागावली की काय म्हणायची. बाकी सगळे माझ्यासमोर तिचं नाव घ्यायला बिचकत होते.

दोन महिन्यांनी मीच चिडलो. "अविश्वासापायी ते अरण्यात मेले, असं तुम्हीच सांगता ना? मग मी त्यांच्यातलाच. कशाला येता रोज?"

त्यांनी कप खाली ठेवला. "पायरी निसरडी आहे, हे माणूस घरातल्यांनाच सांगतो, भाऊ. हात धरायला सांगतो. ढकलायला नाही."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या खात्यात एक वेल्डर होता. आपल्याच मंडळीतला. त्याचा मुलगा गेला आणि तो यायचा बंद झाला. त्याच्याकडे जा, असं मला मनातून रोज वाटायचं. मी म्हणायचो, रविवारी जाऊ. त्याने 'माझाच मुलगा का?' म्हणून विचारलं तर काय सांगू, ही भीती. तीन महिन्यांनी गेलो तर खोलीला कुलूप. काम सोडून गावी गेलेला. पत्ता कोणालाच ठाऊक नाही." त्यांनी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला. "त्याच रविवारी मी आज्ञापालनावर संदेश दिला. तुमचा अविश्वास असेल, भाऊ. माझी अवज्ञा होती. अरण्यातल्या लोकांचा तो इशारा आपल्या दोघांसाठी आहे."

मी त्यांच्या कपात उरलेला चहा ओतला.

पुढे एका रविवारी मी उपासनेला जाऊन मागच्या बाकावर बसलो. विश्वास परत आला का, हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांतच त्यांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. ऑफिस सुटलं की मी त्यांच्याकडे जायचो. ते वारले त्याच्या तीन दिवस आधी काकू दारातच म्हणाल्या, "सकाळपासून रडतायत. प्रार्थना करायचीय, पण शब्द येत नाहीत."

मी त्यांचा चांगला हात हातात घेतला आणि येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणू लागलो. सुमन गेल्यापासून ती मोठ्याने म्हटली नव्हती. देवाच्या इच्छेप्रमाणे होवो, या ओळीशी आलो आणि थांबलो.

त्यांनी हात दाबला नाही, की घाई केली नाही. माझ्याकडे बघत वाट पाहत राहिले. काकूंनी गॅस बंद केला. बऱ्याच वेळाने ती ओळ माझ्या तोंडून निघाली. पुढच्या ओळी आम्ही दोघांनी म्हटल्या, त्यांनी नुसत्या ओठांनी.