ताकदीची बाटली

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या वहिनीचे. आई लवकर गेली. वहिनी करमाडच्या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा मी सातवीत होतो. दहावीनंतर दादा मला शेतीत घालायला निघाला, तर वहिनी चुलीपुढून न उठता म्हणाल्या, ह्यांना शिकू द्या, रानातलं ह्यांच्या वाटचं काम मी करते. आणि त्यांनी ते केलं. मी औरंगाबादला कॉलेजात होतो तोवर सकाळच्या एसटीनं त्यांचा डबा यायचा. घराण्यातला पहिला बीएस्सी मी झालो, तो त्यांच्या कष्टावर.

तिथंच नोकरी लागली, लग्न झालं, उस्मानपुऱ्यात दोन खोल्या घेतल्या. एका लग्नासाठी वहिनी आमच्याकडे आल्या आणि जिना चढता चढता डोकं धरून पायरीवर बसल्या. मी त्यांना जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दंडाला पट्टा बांधून बीपी बघितला, थोड्या वेळानं पुन्हा बघितला. घोट्यावर अंगठा दाबला, तर खड्डा तसाच राहिला. लघवी तपासायला दिली. रिपोर्ट बघून त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, की बीपी बऱ्याच वर्षांपासूनचा आहे, मूत्रपिंडांवर परिणाम सुरू झालाय. आता आवरला नाही तर मूत्रपिंडं जातील, नाहीतर एखाद्या दिवशी अर्धं अंग जाईल. मीठ, लोणचं, ठेचा कमी. गोळी रोज, बरं वाटलं तरी रोज, जन्मभर.

बाहेर आल्यावर वहिनींनी विचारलं, "जन्मभर म्हंजी किती दिवस, भावजी?"

दिवाळी झाल्यावर मी करमाडला गेलो. वहिनी घरी नव्हत्या. शेजारची बाई म्हणाली, ताकद भराया गेल्यात.

ही ताकद खताच्या दुकानामागच्या एका जुन्या गोदामात भरली जात होती. आत शिरल्याबरोबर युरियाचा, स्पिरिटचा आणि ओकारीचा वास एकदम नाकात गेला. ओळीनं खाटा टाकलेल्या. कपडे वाळवायच्या दोरीला सलाईनच्या बाटल्या टांगलेल्या आणि प्रत्येक बाटलीखाली एक बाई. खाली रक्ताचे बोळे पडलेले, त्यांच्यावर माशा. कोपऱ्यातल्या बादलीत कोणीतरी ओकलं होतं आणि त्याच बादलीत डॉक्टर म्हणवणारा तो माणूस गुटख्याची पिंक टाकत होता. बीपीचं यंत्र टेबलावर होतं खरं, पण त्याचा फुगा तुटलेला होता आणि वर तेलकट कागदात भजी ठेवली होती. शेवटच्या खाटेवर, दुसरीच्या डोक्याच्या तेलानं काळ्या झालेल्या उशीवर, माझ्या वहिनी डोळे मिटून पडल्या होत्या.

मी त्याला विचारलं, ह्यांचा बीपी तपासला का. तो म्हणाला, बीपी तुमच्या शहरात असतो, हिला नुसता अशक्तपणा आहे. गुडघ्यासाठी सुई दिली, ताकदीची बाटली लावली. मी बाटलीवरचं लेबल वाचलं आणि म्हणालो, "अहो, हे मिठाचं पाणी आहे. मीठ कमी करायला सांगितलेल्या माणसाच्या शिरेत तुम्ही मीठ सोडताय."

त्यानं पिंक टाकली. "मिठाबिगर चव येती का, साहेब?"

खाटांवरच्या बाया हसल्या. वहिनींनी डोळे उघडले आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, गप बसा. चारचौघीत शोभा नका करू."

मी सुई काढायला लावली. त्यानं बोटानंच हातावरचं रक्त पुसलं आणि बोट पँटला पुसलं. ते बोट आजही आठवलं की घास तोंडात फिरतो.

दादा घरी ओट्यावर बसला होता. घराचा दर्शनी भाग त्यानं त्याच वर्षी नवा केला होता: सिमेंटचे खांब, दारावर गणपतीच्या टाइल्स, माडीवर टीव्हीचा अँटेना. मी गोळ्यांचं विचारलं तर म्हणाला, "बाटली लावली की उठून रानात जाती ती. तुझ्या गोळीनं नुसती मुतती."

त्यावर तो मोठ्यानं हसला. वहिनी उठून आत गेल्या. मी मागोमाग गेलो. त्या भांड्यांकडे तोंड करून बोलल्या.

"गोळी घेतली की घडीघडीला लागतं. बाया जातात त्या झुंजुरकाला, नायतर दिवस बुडाल्यावर. दिवसा कुठं जाऊ, भावजी? रस्त्याच्या कडंला माणसं बसल्याली असतात. दिवसभर दाबून धरलं की पोटात कळ येती. मग गोळीच सोडली."

गोदामात आली होती त्याहून मोठी किळस मला तेव्हा आली. तो गुटखा खाणारा परका होता. हे माझं घर होतं, शिकलेल्या माणसाचं घर, आणि ह्या घरातली बाई लघवी दाबून दाबून आजार वाढवत होती. मी बाहेर येऊन दादाला म्हणालो, मागं संडास बांधू.

"घरात हागायचं?" दादानं असं तोंड केलं, जसं मी ताटात काही टाकलं होतं. "तुळस हाय अंगणात, देव हायेत. शिकला म्हणून घराला घाण लावतो व्हय?"

मी पिशवी उचलली आणि निघालो. शहरात येऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि वहिनींना पत्र लिहिलं. त्या चौथीपर्यंत शिकल्या होत्या, म्हणून अक्षर मोठं काढलं.

वहिनी,

नमस्कार. मी डॉक्टरांना काहीही न लपवता सांगितलं. ते म्हणाले, ही बाईंची चूक नाही, ह्या गोळीनं लघवी जास्त होते हे मीच आधी सांगायला हवं होतं. जास्त लघवी होणार नाही अशी दुसरी गोळी ते देतील, पण आधी रक्त आणि लघवी पुन्हा तपासायची आहे. म्हणून जुनी गोळी आपल्या मनानं सुरू करू नका. मी रविवारी न्यायला येतो. तपासण्या होईपर्यंत आमच्याकडे राहा. तुमची जाऊ वाट बघते आहे.

गोठ्यामागची जागा माझ्या वाटणीची आहे. तिथं संडास बांधायचा आहे. गवंडी ठरवलाय, तो सोमवारपासून येईल. तुळशीपासून जागा लांब आहे, तरी दादा रागावेल. त्याला सांगा, भांडायचं तर माझ्याशी भांड. तुम्ही मधे पडू नका.

त्या गोदामात पुन्हा जाऊ नका, आणि गुडघ्याची सुईसुद्धा घेऊ नका, ती मूत्रपिंडाला वाईट. थकवा तुम्हाला येतो हे खरं आहे, तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. मी येईपर्यंत रानात जाऊ नका. दादानं विचारलं तर पायाची सूज दाखवा. तरी नाही ऐकलं तर हे पत्र त्याच्या हातात द्या.

तुमचा
धाकटा दीर