जोत्यावरचा सायब

दिनू गेल्याचा फोन सुमनवहिनींनीच केला. शिमग्याचे दिवस होते, आमच्या कसालच्या बाजारात ढोल वाजत होते, त्यामुळे पहिल्यांदा मला नीट ऐकू आलं नाही. वहिनी आवाज न चढवता पुन्हा म्हणाल्या, "भावजी, हे गेले. शेजाऱ्याच्या रिक्षात घातले तेव्हाच गेले असतले." मग थोडं थांबून, मी विचारणारच होतो असं धरून, त्यांनी पुढचं सांगून टाकलं... "सायब निजलेलोच होतो."

सायब म्हणजे गाडी. दिनूच्या अंगणात उभी असलेली काळी, परदेशी बनावटीची, चार दारांची स्पोर्ट्स गाडी. तिच्या वेगाच्या काट्यावरचा शेवटचा आकडा एखाद्या लहानशा विमानाला पुरला असता, आणि ती आयुष्याची शेवटची वर्षं कट्टा ते मालवण म्हशींच्या मागून चालली. चालली तेव्हा. तिची चाकं हवेच्या फुग्यांवर तोललेली होती आणि ते फुगे गळके झाले होते, त्यामुळे रात्री उभी केलेली गाडी सकाळी पोट टेकून बसलेली असायची. 'सायब निजलो' हा वहिनींचा शब्द. पुढे तो सगळ्या वाडीने उचलला, आणि मेल्या माणसाच्या बातमीतही तो आला, याचं त्या दिवशी कुणालाच काही वाटलं नाही.

दिनू माझा मावसभाऊ. दहावीनंतर मुंबईला गेला आणि एकाच मालकाकडे ड्रायव्हर म्हणून उभा जन्म काढला. मालक वाईट नव्हते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण दुष्ट माणूस या गोष्टीत असता तर ती सांगायला सोपी गेली असती. दिनूची नोकरी संपली तेव्हा त्याच्या हातात जी रक्कम पडायला हवी होती तिच्यातली थोडी मिळाली आणि उरलेलीच्या जागी साहेबांनी ही गाडी दिली. पैसे काय, खर्च होऊन जातील, असं ते म्हणाले म्हणे. ऑफिसात समारंभ झाला. मखमली डबीत किल्ली, गळ्यात हार, भाषणं. साहेबांच्या मनाच्या मोठेपणावर तीन जण बोलले, गाडीच्या वयावर कुणी बोललं नाही. त्या समारंभाचा फोटो दिनूने पडवीत, देवांच्या तसबिरींच्या ओळीत लावला होता. त्याचा एकट्याचा धड फोटो घरात नव्हता, म्हणून बाराव्याला त्यातूनच त्याचा चेहरा कापून मोठा करून आणला. हार घातलेल्या त्या फोटोत दिनूच्या खांद्यावर एक हात आहे. नुसता हात, अंगठीसकट.

गावी परतताना त्याचा बेत साधा होता. घर तारकर्लीच्या अलीकडे, समुद्र हाकेच्या अंतरावर. पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या, वहिनींनी जेवण करून घालायचं, बस्स. मिळालेल्या पैशात चिऱ्यांचं जोतं बांधून झालं. दोन खोल्यांचं, चांगलं कंबरभर उंच. मग पाऊस आला, अंगणात पाणी साचलं, आणि गाडीच्या पोटात पाणी जाईल म्हणून दिनूने मातीचा उतार करून ती जोत्यावर चढवली. वर ताडपत्री बांधली. चार महिन्यांपुरती म्हणून चढलेली गाडी पुन्हा दर पावसाळ्याला चढत राहिली आणि पुढे पुढे खाली उतरण्याची कारणंच कमी झाली. मी एकदा म्हटलं, देवळात मूर्ती आधी आणि गाभारा मागाहून, असं पहिल्यांदाच बघतोय. दिनू हसला. वहिनी हसल्या नाहीत.

त्या गाडीच्या दुरुस्तीचे आकडे मी सांगत नाही, कारण त्या घरात ते कुणी रुपयांत मोजलेच नाहीत. वहिनी खोल्यांत मोजत. उंदरांनी वायरिंग कुरतडलं, त्यात एका खोलीच्या खिडक्या गेल्या. गिअरबॉक्सने एक अख्खी भिंत खाल्ली. खाऱ्या वाऱ्याने कुठलासा सेन्सर गंजला, तो कोल्हापुरात कॉम्प्युटर लावून शोधावा लागला, आणि बदलून परत येताना गाडी घाट सुखरूप उतरून नेमकी फोंडाघाटच्या भर बाजारात बंद पडली. काजूच्या टेम्पोला टोचन करून तिला आणली. ज्यांनी पाहिलं ते सांगतात, दोरीने ओढल्या जाणाऱ्या त्या गाडीत दिनू पांढऱ्या शर्ट-पँटीत ताठ बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. कुडाळचा मेस्त्री त्याला तोंडावर सांगायचा, "ही गाडी नवी आसा तवसर मालकाची, मगे मेस्त्रीची. तू मदी खंय इलंस?" दिनू त्यालाही हसायचा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जायचा.

विकून टाक म्हणून सांगणारे पुष्कळ होते, मीही होतो. अशा गाड्यांची किंमत जितक्या वेगाने उतरते तितक्या वेगाने त्या स्वतः कधी धावत नाहीत, हे मी त्याला निरनिराळ्या शब्दांत ऐकवलं. त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "सायबांनी माका इकूक दिल्यानी नाय रे. सांभाळूक दिल्यानी." निघताना साहेब म्हणाले होते, एकदा येईन तुझ्या मालवणला, फिरव मला यातून. मोठी माणसं निरोप देताना असं काहीतरी म्हणतातच... ते ऐकणाऱ्याने तिथेच सोडून यायचं असतं. दिनू ते गाडीबरोबर घेऊन आला. रोज सकाळी तो आधी मागचा डावा दरवाजा उघडायचा, सीट पुसायचा, तिच्यावरचा पांढरा टॉवेल झटकून पुन्हा घडीवर घडी घालून पसरायचा, दरवाजा आवाज न करता लावायचा, आणि मग फिरून आपल्या जागी यायचा. एअर कंडिशनर बंद पडला तो बंदच राहिला. त्या दरवाजाचं कुलूप मात्र बिघडलं तेव्हा दोनदा दुरुस्त झालं. लग्नाच्या दिवसांत नवऱ्यासाठी गाडी मागायला लोक यायचे, त्यांना तो पुढे बसा म्हणायचा. नवरा पुढे कसा बसणार? वहिनी त्या गाडीत फारशा बसल्या नाहीत. बाजाराला रिक्षाने जायच्या.

गेल्या हिवाळ्यात साहेब खरंच आले. कुणा मित्राने तारकर्लीला नवं हॉटेल काढलं होतं, तिथे. दिनूला ते तिकडच्या एका वेटरकडून कळलं. गाडी तेव्हा निजलेली. एव्हाना पुन्हा काही पैसे साठले होते, दोन्ही खोल्यांवर पत्रे पडतील इतके. दिनूने ते त्या हवेच्या फुग्यांवर आणि त्यांच्या कॉम्प्रेसरवर घातले. वहिनींनी मेस्त्रीचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हवेक इतके पैशे? हय दर्यार जावन उभी रवलंय तर फुकट मेळता."

गाडी उठली त्या दिवशी मी त्यांच्याकडे होतो, म्हणून हॉटेलवर जाताना दिनूने मला बरोबर घेतलं, अर्थात पुढे. निघाल्यावर माझ्या लक्षात आलं की वरचा आरसा रस्त्याकडे नाही. तो मागच्या डाव्या सीटकडे वळवलेला होता. उभ्या जन्मात त्याला मागून येणाऱ्या ट्रकपेक्षा त्या सीटवरची मान हलते का, हे बघणं जास्त गरजेचं होतं, आणि सीट रिकामी झाल्यावरही आरसा हलवावा असं त्याला वाटलं नव्हतं.

साहेब हॉटेलातून बाहेर आले. दिनूला ओळखलं, नावाने हाक मारली, खांद्यावर हात ठेवला. मग त्यांची नजर गाडीवर गेली आणि ते मनापासून चकित झाले. "अरे, ही अजून ठेवलीस? मला वाटलं, तू तेव्हाच विकून टाकली असशील." वर म्हणाले, "विकायची होती रे. चार पैसे तरी आले असते."

"होय साहेब," दिनू म्हणाला.

त्यांची नवी गाडी पोर्चमध्ये लागली. तिचा ड्रायव्हर उतरेपर्यंत दिनू तिथे पोचलासुद्धा होता. त्याने मागचा डावा दरवाजा उघडला, साहेब बसले, त्याने तो आवाज न करता लावला. नवा ड्रायव्हर बिचारा बाजूला उभा. काचेआडून हात हलला आणि गाडी गेली.

परतताना दिनू मधून मधून आरशात बघत होता. आरशात टॉवेल होता. घरी वहिनी पायरीवर उभ्या होत्या. "बसले काय वो सायब?"

"व्हय," दिनू म्हणाला. "बसले." मी चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुन्हा मागचा डावा दरवाजा उघडला, सीट पुसली, टॉवेल झटकला. शिमग्यापर्यंत रोज. फुगे नवे असूनही गाडी आठवडाभरात पुन्हा पोटावर आली. तेवढं मात्र त्याने दुरुस्त करायला घेतलं नाही.

परवा गेलो होतो. ऊन कडक आहे, रातांबे पिकलेत. वहिनींनी गाडीच्या बॉनेटवर कोकमाची सोलं सुकत घातली आहेत, टपावर बांगडे. काळा पत्रा तापतो छान. सोलांच्या आंबट-खारट पाण्याने, दिनू ज्या रंगाला पॉलिश करायचा त्यावर पांढरे ओघळ उतरलेत. भंगारवाला येऊन गेला. बॅटरी मेलेली, गिअर अडकलेला, चाकं फिरत नाहीत. क्रेन आणायची तर पाणंदीतून येत नाही. म्हणजे गाडी जोत्यावरून हलणार नाही. वहिनींच्या आरोंद्याच्या भावाने चिरे पाठवलेत. त्यात एकच खोली होईल, आणि जागाही एकाच खोलीची मोकळी आहे. सोमवारपासून काम सुरू व्हायचं म्हणून गवंडी दोरी धरून मापं घेत होता.

त्याच्याकडे बघता बघता वहिनींनी मागचा डावा दरवाजा उघडला, आतला टॉवेल काढला आणि सोलांवरच्या माशा वारायला घेतला. मला म्हणाल्या, "बसले म्हणान सांगलानी माका. टॉवेलाची घडी मोडूक नव्हती, भावजी. ती मीया त्याच सांजेक बघितलंय."

मग त्यांना काही बोललात का, असं मी विचारलं.

"काय बोलतलंय?" त्या म्हणाल्या. "सकाळी परत झटकल्यानी."

गवंड्याने हाक मारली. एका अंगाला समुद्र, तिकडे मोठी खिडकी ठरलीच होती. दुसऱ्या अंगाला गाडी. वारा आरपार खेळायला त्या भिंतीत समोरासमोर दुसरी खिडकी ठेवू का, असं तो विचारत होता. वहिनींनी टॉवेलाने माशा वारल्या, दरवाजा पायाने ढकलून लावला. आवाज झाला.

"त्या अंगाक खिडकी नको," त्या म्हणाल्या.