गुडघ्याच्या गोळ्या

काकूंच्या हातून काही म्हणून टाकलं जात नसे. गल्लीच्या टोकाला त्यांचं कपडे दुरुस्त करायचं दुकान. पँट सैल करायची, चेन बदलायची, थोरलीचा फ्रॉक धाकटीच्या मापाने बेतायचा. उसवलेला दोरासुद्धा त्या रिळाला गुंडाळून ठेवत. "उद्या ही माझीसुद्धा घडी घालून कपाटात ठेवेल," असं काका गिऱ्हाइकांना सांगत. काकू मशीनवरून मान न उचलता म्हणत, "तुमची घडी नीट बसत नाही."

अशा घरात औषध वाया जाणं शक्यच नव्हतं. काकांचं बायपासचं ऑपरेशन झालं, काका घरी आले. छातीचं हाड कापून जोडलेलं, कूस बदलली की जीव घेणारी कळ यायची. डॉक्टरांनी दिलेल्या साध्या गोळीने भागेना. नवरा दात आवळून बसलेला काकूंना बघवेना. काकूंच्या स्वतःच्या गुडघ्यांसाठी आणलेल्या गोळ्या डब्यात उरल्या होत्या. त्यांनी एक दिली आणि काकांना शांत झोप लागली. मग ते रोजचंच झालं.

हळूहळू काकांचे पाय सुजले, दम लागू लागला, लघवी कमी झाली. रक्त तपासलं तर किडन्यांनी मान टाकलेली. डॉक्टरीणबाई रिपोर्टवरून नजर काढेनात. हृदयावरचा भार हलका व्हावा म्हणून त्यांनीच दोन गोळ्या दिल्या होत्या, एक अंगातलं पाणी काढणारी, दुसरी रक्तदाब उतरवणारी. त्या थांबवाव्यात तर हृदय अजून नाजूक, चालू ठेवाव्यात तर किडन्या जातात.

"या गोळ्यांशिवाय आणखी काही घेता का? दुखण्यावरची गोळी वगैरे?"

"छे!" काका ठणकावून म्हणाले.

काकूंनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं. ज्या माणसाला जन्मात कधी धड खोटं बोलता आलं नाही, तो आज त्यांच्यासाठी बोलत होता. गप्प राहिलं तर कुणाला पत्ताही लागला नसता. बोललं तर बाहेर बसलेल्या सुनेपासून सगळ्या नातेवाइकांपर्यंत शोभा. पण काका मधूनच श्वास घ्यायला थांबत होते, ते त्यांना ऐकवेना.

"मी दिल्या," काकू म्हणाल्या. "माझ्या गुडघ्याच्या. रोज. माझ्या हाताने."

डॉक्टरीणबाई रागावल्या, चांगल्याच रागावल्या. ती गोळी किडनीचा रक्तपुरवठा कमी करते, आणि या दोन गोळ्यांच्या जोडीला तर ती घातच करते, असं त्यांनी खडसावून सांगितलं. मग आवाज खाली आला. "बरं झालं बोललात. आता कारण कळलं. ती बंद करू, दाखल करू. सावरतील अशी आशा आहे."

वॉर्डात काका पुटपुटले, "कशाला सांगितलंस? मी घेतलं होतं ना सांभाळून."

"मला सांभाळता सांभाळता तुम्ही गेला असता, म्हणजे?"

पुढचे दिवस काकू पलंगाजवळच बसून राहिल्या. मग एका सकाळी काकांनी पांघरुणाखालून लघवीची बाटली बाहेर दिली, काठोकाठ भरलेली. काकूंनी ती दोन्ही हातांत धरली आणि भर वॉर्डात हुंदके देऊन रडायला लागल्या.

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत," काकू म्हणाल्या.