अर्धी दाढी

दत्ताभाऊंच्या सलूनमध्ये कुणी बाईमाणसाबद्दल वाकडं बोललं की वस्तरा थांबायचा. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस, आणि दत्ताभाऊ हाताची घडी घालून उभे. "बोललास ते मागे घे, मग दुसरा गाल." गिऱ्हाईक हसायचं, शिव्या घालायचं, शेवटी मागे घ्यायचं. अर्ध्या दाढीने मुलुंडच्या बाजारातून घरी कोण जाणार?

"कशाला ही पीडा? धंद्याची वाट लागेल," मी एकदा म्हणालो. दत्ताभाऊ कुडाळकडचे, तापले की मालवणीवर यायचे. "अरे, बायकांच्या हक्कांच्या त्या सभांना बघावं तर सगळ्या बायकाच. त्यांका काय शिकवतलंस? शिकवूक व्हया ह्या बाप्यांका. आणि बाप्यो गप बसता तो वस्तऱ्याखालीच!"

आम्हाला ही सगळी गंमत वाटायची. पंधरा वर्षांत माझ्यासाठी वस्तरा कधी थांबला नाही, याचा मला कोण अभिमान!

सलूनसमोर औषधांचं दुकान. तिथे शीतल नावाची मुलगी कामाला होती. संध्याकाळी ती पायऱ्या उतरली की आमच्या सोसायटीतला परेश सलूनबाहेरच्या बाकड्यावरून काहीबाही बोलायचा. दत्ताभाऊंनी त्याला दोनदा हाकललं होतं. एका संध्याकाळी त्याने तिला सरळ मागून धरलं. आत आम्ही चार गिऱ्हाइकं, चौघांची तोंडं आरशाकडे. आरशात सगळं दिसलं. दत्ताभाऊ वस्तरा टाकून धावले आणि परेशला बखोटीला धरून बाजूला ओढलं. आम्ही काय केलं? गळ्याला कापड गुंडाळून बसून राहिलो.

शीतलने चौकीत तक्रार दिली. परेश म्हणाला, चुकून धक्का लागला. तिच्या बाजूने साक्षीला एकटे दत्ताभाऊ. मग ते आमच्या चौघांच्या दारी आले. "पोरगी एकटी पडतेय रे. बघितलंस तेवढंच सांग." एकाच्या मुलीचं लग्न ठरत होतं, दुसऱ्याला सोसायटीत वैर नको होतं, तिसऱ्याने दारच उघडलं नाही. आणि मी म्हणालो, "दत्ताभाऊ, माझे डोळे मिटलेले होते हो." ते जिना उतरून गेले.

पुढच्या रविवारी मी निर्लज्जासारखा खुर्चीत जाऊन बसलो. त्यांनी फेस लावला, एक गाल छान केला आणि वस्तरा थांबला.

"काय झालं? मी तर काहीच बोललो नाही!"

"तेच तर," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या गळ्याचं कापड सोडलं.

राग आला. खोटं कशाला सांगू, त्यांचाच आला. फेस पुसून तरातरा बाहेर पडलो. भाजीवाल्या बघून हसायला लागल्या. घराकडे वळायचं ते चौकीकडे वळलो. हवालदाराने माझं नाव लिहिलं, गालाकडे पाहिलं आणि विचारलं, "आठ दिवस कुठे होतात?"

पाहिलं ते सगळं सांगितलं, सही केली आणि तसाच सलूनमध्ये गेलो. दत्ताभाऊंनी दुसरा गाल केला, तुरटी फिरवली. मला वाटलं, आता पाठ थोपटतील.

"बाकीचे तिघे खंय?" त्यांनी विचारलं.

पुढे या साक्षीपायी गिऱ्हाइकं तुटली, मालकाने गाळा काढून घेतला, दत्ताभाऊ गावी गेले. शीतलची केस अजून चालू आहे. दर रविवारी मी त्या तिघांच्या दारी जातो. चहा देतात, आग्रहाने लाडू देतात. डोळे मिटलेले होते म्हणतात. इतका संताप होतो, पण त्यांना बोलू तरी कोणत्या तोंडाने?