मिश्रीच्या डबीचा दावा

आत्या भाकरी आमटीत कुस्करून खायला लागल्या, तेव्हाच मी त्यांच्या ताटावर नजर ठेवायला लागले. कडक भाकरी आणि ठेचा असल्याशिवाय ज्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, त्या आता ठेचा ताटाच्या कडेला सारत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "दाढ ठणकतीय." दाढ ठणकणारा माणूस गालावर हात धरून बसतो. आत्या गालाला हातच लावत नव्हत्या. सासूला आत्या म्हणायची आमच्याकडं पद्धत आहे, म्हणून आत्या.

आत्या मिश्री लावतात. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि दिवसातून हव्या तेवढ्या वेळा बोटानं हिरड्यांवर घासायची. येडशीत आमच्या गल्लीत त्यांचा तवा तापला की शेजारच्या घरातली माणसंसुद्धा खोकतात. मी नवी नवरी असताना काहीतरी करपलं म्हणून धावत जाऊन गॅस बंद केला होता. या घरातली पहिली बोलणी मी त्या दिवशी खाल्ली.

मी धाराशिवला एका लॉ कॉलेजात शिकवते. या वर्षी माझ्या वाट्याला आलेला विषय म्हणजे गुंतवणुकीचा आंतरराष्ट्रीय कायदा. एसटीनं धक्के खात येणाऱ्या बाईनं तो एसटीनंच येणाऱ्या पोरांना शिकवायचा, त्यामुळं आधी दोघांनीही जरा हसून घेतलं. मग मी फळ्यावर साध्या शब्दांत मांडलं. परदेशी कंपनी एखाद्या देशात पैसा घालते. तिला भरवसा वाटावा म्हणून दोन देश करार करतात की एकमेकांच्या कंपन्यांना रास्त वागवू, त्यांचं काही हिसकावून घेणार नाही. पुढं त्या देशानं लोकांच्या तब्येतीसाठी नवा नियम काढला आणि धंदा बसला, तर कंपनी त्या देशाचं कोर्ट सोडून थेट तीन लवादांपुढं, म्हणजे त्या वादापुरत्या नेमलेल्या पंचांपुढं, जाते आणि भरपाई मागते. सिगारेटच्या पाकिटांवरून असे दावे झालेले आहेत. सरकार म्हणालं, पाकिटावर रोगाचं चित्र मोठं छापा. कंपनी म्हणाली, मग आमच्या नावाला जागा कुठं उरली?

पोरं मन लावून ऐकत होती. माझं अर्धं लक्ष मात्र घरी होतं, कारण असा एक दावा आमच्या ओसरीवर होऊन गेलेला आहे.

मागं एकदा माझ्या नवऱ्यानं वैतागून आत्यांची डबी नालीत फेकली. आत्या ओरडल्या नाहीत. त्यांनी जेवण सोडलं आणि ढोकीच्या भावाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी ओसरीवर तिघं बसले: ढोकीचे मामा, माझी नणंद आणि शेजारच्या काकू. काकू स्वतःच मिश्री लावतात, तेव्हा त्यांचं मत आधीच ठरलेलं होतं. पण तिथं हरकत घेणार कोण?

आत्यांनी आपली बाजू मांडली. "ह्या घरात आले तवा डबी माझ्या कनवटीला व्हती. सासऱ्यानं बघितली, नवऱ्यानं बघितली, कुणी न्हाय म्हणलं न्हाय. आता पोराचं राज आलं म्हणून कायदा बदलला व्हय?"

कंपन्यांचे मोठमोठे वकील याहून वेगळं काही बोलत नाहीत. आम्हाला इथं यायला लावलंत, तेव्हा जे चालत होतं ते आता बंद कसं करता? माझ्या नवऱ्यानं "आई, तुझ्या तब्येतीसाठीच की" एवढंच म्हणून बघितलं. सरकारंही हेच म्हणतात, फक्त जरा लांबण लावून. मामांनी निकाल दिला की नवी डबी आणून द्यायची आणि पुन्हा हा विषय घरात काढायचा नाही. त्याच दिवशी बाजारातून स्टीलची डबी आली.

तेव्हापासून मिश्रीचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही. आत्यांचं जेवण बदललेलं नवऱ्यालाही दिसत होतं. मी विषय काढला की तो म्हणायचा, "नको, परत पंचायत बसवील ती. दिवाळी होऊ दे." दिवाळी झाली. मग नणंदेकडची वास्तुशांत होऊ दे म्हणाला.

त्या दिवशी वर्गात मी दाव्यांचा शेवट सांगितला. सरकारं जिंकली. लोकांचा जीव सांभाळायला नियम करणं हा सरकारचा हक्कच आहे, त्याला हिसकावणं म्हणत नाहीत, असं एका दाव्यात लवादांनी मान्य केलं. पण निकाल लागायला वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात काही दुसऱ्या सरकारांनी आपला नियम बासनात गुंडाळून ठेवला. त्यांच्यावर कुणी दावा केलेला नव्हता. दाव्याचा नुसता धाकच पुरला.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग तिथल्या लोकांना कुणी सांगितलं का, की आम्ही भिऊन थांबलोय म्हणून?"

मी पुस्तक मिटलं. हजेरी घ्यायची राहिली आणि मी मिळेल त्या एसटीनं घरी आले. मला आत्यांच्या भांडणाची भीती नव्हती, त्यांच्या गालाच्या आत काय असेल त्याची होती.

आत्या खिडकीपाशी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. दाणे डब्यात टाकत होत्या, एकही तोंडात टाकत नव्हत्या. मी चप्पल काढली आणि समोर बसले.

"आत्या, तोंड दाखवा."

"कशाला? दाढ हाय ती."

"मग दाढ दाखवा."

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "लई शिकलीस म्हणून सासूच्या तोंडात हात घालतीस? भावाला फोन लावू का?"

"लावा. मामा येऊ द्या, नणंदबाई येऊ द्या, काकूंनाही बोलवा. सगळे बसले की त्यांच्यासमोर आ करा. ते तोंड बंद करा म्हणाले तर मी परत विचारणार नाही."

आत्या फोनकडं बघत राहिल्या. फोन हाताशीच होता. मग हळूच उजेडाकडं तोंड करून त्यांनी आ केला. जेमतेम दोन बोटं जातील एवढाच. ज्या तोंडापुढं या घरात कधी कुणाचं चाललं नाही ते एवढंच उघडत होतं. आत गालाला पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध लाल जखम.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात आलं हे. सांगितलं असतं तर तुमी मिसरी बंद केली असती."

मला राग आला आणि रडूही आलं. एकाच घरात आत्या, नवरा आणि मी, तिघंही एकमेकांना भिऊन गप्प बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना धाराशिवला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाईंनी बॅटरी मारून बघितलं. नर्सला खुणेनं बोलावलं. जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर ठरवू, म्हणाल्या. काय ठरवायचं ते आत्यांसमोर विचारायचा मला धीर झाला नाही.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. आत्यांच्या गालात कापसाचा बोळा होता. पलीकडच्या बाकावर एका माणसाचा अर्धा गाल नव्हता, आणि तो बायकोला हातवारे करून पाणी मागत होता. आत्या त्याच्याकडं बघत होत्या. मी मुद्दाम मध्ये सरकून बसले, पण त्यांनी मान वाकडी करून बघितलंच.

मग त्या बोळ्यातून अडखळत म्हणाल्या, "कापलं तर मला बोलता यील ना ग?"

"येईल की," मी म्हणाले.

आत्यांनी माझ्या तोंडाकडं नीट निरखून बघितलं. आणि पहिल्यांदाच माझ्याशी वाद घातला नाही.