मावशीचे डोळे, काकांचा हात

माझी मावशी एकतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, तिथेच जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून काका ओळी जुळवायचे आणि मावशी लाल शाईने त्यांच्या चुका काढायची. लग्न जमलं ते त्यातूनच. "माणूस वेलांटीत कच्चा आहे, पण सांगितलेलं ऐकतो," असं तिने तेव्हा आपल्या आईला सांगितलं होतं म्हणे.

सत्तरी ओलांडल्यावर काकांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हिंडूफिरू, बोलू लागले, पण उजवा हात गेला तो गेलाच. पुस्तक डाव्या हातात धरलं की पान उलटायला हात उरेना. त्याच वर्षी मावशीच्या डोळ्यांमागचा पडदा झिजत चालल्याचं निघालं. छापील ओळ तिला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसू लागली. डॉक्टर म्हणाले, अक्षर मोठं असेल तर वाचता येईल. घरात दोन भिंती भरून पुस्तकं, आणि ही दोघं समोरासमोर बसून रेडिओ ऐकायची. मला ते बघवेना.

मोबाइलवर वाचून पाहिलं होतं, पण दहा मिनिटांत मावशीच्या डोळ्यांना धार लागायची. म्हणून मी ई-पुस्तकं वाचायच्या यंत्राचा विषय काढला. त्याचा पडदा कागदासारखा असतो, डोळ्यांवर उजेड मारत नाही, हे मी समजावलं. "महाग नको," मावशी म्हणाली. "आणि आधी हातात घेऊन बघणार."

शनिवारी सकाळी आम्ही तिघं दुकानात गेलो. विक्रीवरच्या मुलीने सर्वांत महागडं यंत्र पुढे केलं. "आजी, ह्यात हजारो पुस्तकं मावतात. पाण्यात पडलं तरी काही होत नाही."

"पाण्यात बसून वाचायचं वय गेलं बाई," मावशी म्हणाली. "स्वस्तातली दाखव. आणि मराठी पुस्तक उघडून दे."

मुलीने दोन साधी यंत्रं आणली. मावशीने अक्षर मोठं करायला लावलं, पिशवीतून भिंग काढलं आणि सरळ जोडाक्षरं शोधायला लागली. पहिल्या यंत्रात 'उच्छ्वास' पाय मोडून तीन तुकड्यांत उभा होता आणि 'दुर्दैव'मधला रफार चुकून शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर बसला होता. "हे नको," ती म्हणाली. दुसऱ्यात सगळं जागच्या जागी होतं. रंग नव्हते, जागा कमी होती, मॉडेल जुनं होतं. पण कडेला पान उलटायची बटणं होती. काकांनी ते डाव्या हातात घेतलं, अंगठ्याने बटण दाबलं. पान उलटलं. त्यांनी परत मागे नेलं, परत पुढे. असं पाचसात वेळा केलं आणि यंत्र छातीशी धरून उभे राहिले. मावशीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मुलीला म्हणाली, "हेच बांध."

घरी आल्यावर भांडण जुंपलं ते अक्षराच्या आकारावरून. मावशीला एका ओळीत चारच शब्द लागत.

"अगं, हे पुस्तक आहे की दुकानाची पाटी?" काका कुरकुरत. ते अक्षर बारीक करून ठेवत.

"अहो, पुन्हा मुंग्या सोडल्यात का?" असं आतून ऐकू येई. शेवटी वेळ वाटून घेतली. जेवणाआधी मावशी, चहानंतर काका.

दोघं एकच कादंबरी वाचत होती, आणि आठवड्याभरात मावशी अस्वस्थ झाली. "हा नायक प्रत्येक प्रकरणात शीर झुकवून नमस्कार करतो," ती मला म्हणाली. "शिर झुकवावं. शीर झुकवली तर माणूस दवाखान्यात जाईल." काकांना वेगळंच खुपत होतं. परिच्छेद मधेच तुटले होते, अवतरणचिन्हं उघडून बंदच केली नव्हती. दोघं सांगत गेली, मी लिहीत गेले. एकशे सात चुका निघाल्या. यादी प्रकाशकांना पाठवायला मी जरा कचरले. "पाठव," मावशी म्हणाली. "राग आला तर येऊ दे. शिर तर जागेवर येईल."

तीन आठवड्यांनी प्रकाशनातल्या बाईंचा फोन आला. मावशी बोलणी खायच्या तयारीनेच बसली होती. बाई म्हणाल्या, "आजी, पुस्तक दुरुस्त केलं. पुढचं बाजारात येण्याआधी तुम्ही वाचून द्याल का? मानधन देऊ."

"एकटी नाही देणार," मावशी म्हणाली. "मला शब्द दिसतात, पान दिसत नाही. पान ह्यांना दिसतं. दोघांचं नाव घाला."

आता महिन्याला एक पुस्तक येतं. मावशी शब्द बघते, काका पानाची मांडणी बघतात, आणि ऱ्हस्वदीर्घावरून अजूनही मतभेद होतात. शेवटचा शब्द तिचा असतो.

परवा मी गेले तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. काका ताटं घेऊन बसले होते आणि मावशी खिडकीशी वाचत होती.

"किती निघाल्या गं?" मी विचारलं.

"बघितल्याच नाहीत." तिने डोळे पुसले. "त्या गोष्टीतली मुलगी आत्ता घरी परत आली आहे. एवढी वर्षं मी अक्षरंच वाचली, गोष्ट वाचायची राहूनच गेली. चुका उद्या बघू."

काकांनी तिचं ताट झाकून ठेवलं आणि मला खुणेने म्हणाले, वाचू दे तिला.